तेवढंच म्हणा, मावशी

या, जरा पुढे सरका. भिंतीला टेकून बसलेल्यांनीही या. तिथवर माझा आवाज पोचायचा नाही, आणि ही गोष्ट ओरडून सांगण्यातली नव्हे. दमून आला असाल तर खुशाल पाय पसरा, कोणी काही म्हणणार नाही. गोष्टही दमलेल्या बाईचीच आहे, गाऊन गाऊन दमलेल्या बाईची. एवढा शब्द देतो की सुरू केली आहे तर शेवटपर्यंत सांगेन, मध्ये सोडणार नाही. तसं का म्हणतो, ते ऐकता ऐकता कळेलच.

प्रभू क्रूसावर गेला आणि कबरीतून उठला, त्याला फार वर्षं झाली नव्हती, तेव्हाची ही हकिगत. त्याचं शुभवर्तमान अजून लोकांच्या तोंडात राहत होतं. ज्याला जेवढं आठवे तेवढं तो सांगे. कोणी बोलून सांगत, कोणी गाऊन. गाऊन सांगितलेलं अंगात जास्त मुरतं, हे तुम्हाला मी काय सांगणार.

अशाच एका शहरात, रंगाऱ्यांच्या गल्लीत, एक विधवा बाई होती. दिवसभर निळीच्या हौदात कोपरापर्यंत हात घालून कापड बुचकळायची, पिळायची, दोरीवर टाकायची. हात कितीही घासले तरी नखांतली नीळ जात नसे. सगळी गल्ली तिला निळी मावशी म्हणे. संध्याकाळी काम आटोपलं की तिच्याच कारखान्याच्या मागच्या खोलीत, ओल्या कापडांच्या रांगांखाली, प्रभूला मानणारी मंडळी जमायची आणि मावशी प्रभूची कथा गायची. आवाज काही फार गोड नव्हता. जरा घोगराच होता. पण ती वादळाचं पद म्हणू लागली की खोलीतल्या ओल्या कापडांवरून वारा येतोय असं वाटायचं, आणि पुढे बसलेली माणसं नकळत एकमेकांचे दंड धरायची.

कथा तिला सासूकडून मिळाली होती. सासूला मिळाली होती समुद्रापलीकडून आलेल्या एका म्हाताऱ्याकडून. सासूने शिकवताना एकच अट घातली होती. "नदीवर, प्रभूच्या बाप्तिस्म्यापासून सुरू करायची, उघड्या कबरीपाशी सोडायची. मध्ये पाहुणा येऊ दे, दिवा विझू दे, घसा बसू दे, थांबायचं नाही. अर्ध्यावर सोडलेली कथा म्हणजे अर्धंच बुचकळून काढलेलं कापड. पांढरंही नाही, निळंही नाही. उजेडात धरलं की डाग तेवढे दिसतात."

मावशीने ही अट वर्षानुवर्षं पाळली. आणि पहिल्यांदा मोडली, ती पाय दुखत होते म्हणून.

झालं असं. गल्लीच्या तोंडाशी पावभट्टी होती. भट्टीवाल्याला एकच मुलगी, सहा-सात वर्षांची. सदा पिठाच्या पोत्यांत खेळायची, भुवयांवरसुद्धा पीठ, म्हणून तिला सगळे पिठुळी म्हणत. एका थंडीत ती तापाने फणफणली. भट्टीवाली अजून मंडळीतली नव्हती, पण मावशीच्या गाण्यावर तिचा लोभ. तिने निरोप धाडला, "मावशी, पोरीजवळ बसून जरा गा. तिला बरं वाटेल, मलाही."

मावशी दिवसभर उभी होती. तशीच गेली, हात न धुता. खिडकीपाशी बसली आणि नदीपासून सुरुवात केली. गात गात त्या प्रसंगापर्यंत आली, जिथे एका बापाची मुलगी गेलेली असते, दारात रडारड चाललेली असते, आणि प्रभू आत जाऊन तिचा हात धरतो आणि तिला उठवतो. मावशी ते पद म्हणत होती आणि पिठुळीला दरदरून घाम फुटला. तिने डोळे उघडले आणि पाणी मागितलं.

भट्टीवाली मावशीच्या पायांवरच कोसळली. भट्टीवाला पीठ मळता मळता तसाच धावत आला. शेजारणी जमल्या. कोणी हसतंय, कोणी रडतंय. त्या गलक्यात मावशी उठली. कथा निम्मीही झाली नव्हती. पण पोटऱ्यांत गोळे आले होते, डोळे मिटत होते. "उरलेली नंतर सांगते गं," ती म्हणाली आणि घरी जाऊन पाठ टेकली.

ती नंतर काही गेली नाही. कामं होती. तेवढंच घडलं, पण त्या तेवढ्याने गल्लीचं डोकं फिरवलं.

दुसऱ्याच दिवशी परटीण दारात. तिच्या सासऱ्याची कंबर धरली होती. "मावशी, ते पोरीला उठवायचं म्हणा ना. तेवढंच. बाकीचं राहू दे." मग कुंभाराची बायको, तिची गाय दूध चोरत होती. मग एका सोनाराची आई आली. तिचा मुलगा सुनेच्या मुठीत गेला होता, त्याला बाहेर काढायचा होता. एका बाईच्या घराची किल्ली सापडत नव्हती.

"किल्लीसाठी?" मावशीने विचारलं.

"मेलेली पोर उठते, मग किल्ली काय चीज आहे," बाई म्हणाली.

मावशी सुरुवातीला समजावून सांगायची. "अगं, कथा पुरी ऐकावी लागते. पुढे क्रूस आहे."

यावर प्रत्येक घरात एकच उत्तर. "नको हो, घरात आजारी माणूस आहे. मरणाचं कशाला काढता. तेवढंच म्हणा, मावशी."

आणि मावशी तेवढंच म्हणायची. खोटं कशाला बोलू, त्यात तिला सोयही होती. पुरी कथा गायला अख्खी संध्याकाळ जायची, गळ्याची सालं निघायची. हे एक पद म्हटलं की सुटका. दमलेल्या माणसाला नाही म्हणायलाही ताकद लागते, आणि तिच्यापाशी ती उरलेली नसायची. सकाळी हौद, दुपारी हौद, दिवेलागणीला कोणाचं तरी दार. मंडळीच्या बैठकीत गाताना तिचा आवाज फाटू लागला. क्रूसाच्या पदापर्यंत पोचेपोचेतो ती कशीबशी ओढत न्यायची, जसा एखादा दमलेला बैल शेवटचा चढ चढतो.

भट्टीच्या समोरच ताईतवाल्याचं दुकान होतं. दारावर रंगीत दोरे, तांब्याच्या पेट्या, आत चामड्याच्या तुकड्यांवर काढलेली अगम्य अक्षरं. गडी वाईट नव्हता. गरीब गिऱ्हाइकाला तो पोकळ ताईतसुद्धा तितक्याच प्रेमाने बांधायचा. एक दिवस तो मावशीच्या कारखान्यात आला, हौदाच्या काठावर बसला आणि म्हणाला, "मावशी, माझं दुकान बसवलंत तुम्ही."

"मी काय केलं?"

"काय केलं म्हणजे? सगळी गल्ली तुमच्याकडे. माझ्याकडे आता फक्त नजर लागलेली कुत्री-मांजरं येतात. मी म्हणतो, आपण भांडायचं कशाला. तुम्ही ते पद मला शिकवा. मी पातळ चामड्यावर उतरवून पेटीत घालतो. तुमचे पाय वाचतील, माझं पोट भरेल."

मावशी कापड पिळत होती. तिला हसू आलं. "अरे, तो काही मंत्र नाही. कथा आहे ती. पुढे बरंच काही आहे."

"पुढे काय आहे?"

"पुढे त्याला मारतात."

ताईतवाल्याने तोंड वाकडं केलं. "मग तर तुम्ही बरोबर ठिकाणी थांबता. आमच्या धंद्यातही हेच. चांगला मंत्र कामापुरता असतो. त्याला पुढचं-मागचं नसतं. पुढचं सांगितलं की गिऱ्हाईक विचारात पडतं." आणि उठता उठता अगदी मनापासून म्हणाला, "तुमच्यात गुण आहे हो, मावशी. उगाच एवढी वर्षं निळीत घालवलीत."

तो कौतुक करून गेला आणि मावशीच्या हातातलं कापड हातातच राहिलं. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

मंडळीचे वडील, म्हणजे तिचा कारभार बघणारे प्रमुख, हे मावशीचे धाकटे दीर. सरळ माणूस, जरा कोरडा. कारखान्याची चूल त्यांच्या ताब्यात. नवीन कोणी प्रभूकडे आलं की आपल्या गळ्यातले गंडे, दंडातले ताईत, घरात पुरलेले लिंबू-खिळे घेऊन यायचं, आणि दीर स्वतः ते चुलीत टाकायचे. ते जळताना ते कोणाला हसू देत नसत. म्हणायचे, "भीती जळतेय. गप्प बसून बघा."

त्यांच्या कानावर हे सगळं आलं होतंच. एका सकाळी ते हौदापाशी येऊन उभे राहिले.

"वहिनी, किल्ली सापडली का त्या बाईची?"

मावशीने मान खाली घातली. "सापडली. तिच्याच कमरेला होती."

"आणि तिने कोणाचं नाव घेतलं?"

"माझं."

दीर काठावर बसले. "बाहेर आपल्याबद्दल काय बोलतात, माहीत आहे ना? म्हणे तुमचा गुरू जादूगार होता. परदेशी राहून विद्या शिकून आला. मातीत थुंकी कालवून आंधळ्यांचे डोळे उघडायचा. आपण घसा फोडून सांगतो की तसं नाही. तो कशाची बाटली घेऊन फिरला नाही, कोणाला भूल घातली नाही, आणि स्वतःवर आली तेव्हा त्याने एक बोटसुद्धा हलवलं नाही. आणि इकडे तुम्ही घरोघरी जाऊन काय करता? मागे जादूटोणा करते म्हणून त्या मंतरणाऱ्या म्हातारीला शिपायांनी चौकातून ओढत नेलं, ते विसरलात?"

"नाही विसरले."

"ज्या चुलीत आपण लोकांचे गंडे जाळतो, त्याच चुलीपाशी बसून तुम्ही नवा गंडा वळताय, वहिनी."

मावशीच्या डोळ्यांत पाणी आलं, पण ते पुसायला हात कोरडे नव्हते. "भावजी, मी काय करू? दारात येऊन उभी राहतात. लेकरू आजारी आहे म्हणतात. मला नाही म्हणवत नाही."

"नाही म्हणू नका. जा, पण खरं सांगा. गल्लीत तुमच्या तोंडाने सांगा की या पदात काही ताकद नाही, जे आहे ते त्याच्यापाशी आहे. ते जोवर होत नाही, तोवर बैठकीत कथा तुम्ही गायची नाही. मी सांगत जाईन."

मावशीला यापेक्षा मोठी शिक्षा नव्हती. तिला ना मूल, ना बाळ. नवरा गेला, सासू गेली, उरलं होतं ते हे गाणं. सकाळपासून ती उभी राहायची ती संध्याकाळी बसून गायला मिळेल म्हणून. आता संध्याकाळी ती मागे बसून ऐकू लागली. दीर कथा सांगत. एकही चूक नसे त्यांची, पण रस म्हणाल तर शून्य. त्यांच्या कथेत वादळ शांत व्हायच्या आधीच निम्मी मंडळी शांत झालेली असे.

खरं सांगायचं, असं मावशीने ठरवलं होतं. रोज ठरवायची. पण दारात कोणी आलं की जीभ उचलेना. "आज बरं नाही मला," एवढंच म्हणून ती माणसं वाटेला लावी. खरं सांगायचं म्हणजे भट्टीवालीच्या तोंडावर सांगायचं, की त्या दिवशी मी तुझ्या लेकीला उठवलं नाही, मी नुसती दमले होते म्हणून थांबले. ते कोणत्या तोंडाने सांगणार?

उन्हाळा लागला आणि पिठुळी पुन्हा आजारी पडली. या वेळी ताप चढला नाही, उतरलाही नाही. पोर नुसती वाळत चालली. भर दुपारी भट्टीवाला स्वतः आला, घामाने निथळत. "मावशी, चला."

मावशीने हौदातून हात काढले, घासून घासून धुतले, अंगावरचं बदललं. वाटेत ती मनाशी घोकत होती. आधी सांगायचं. मग प्रार्थना करू. गायचं नाही, आधी सांगायचं.

भट्टीमागच्या त्या खोलीत भिंती तापल्या होत्या. पिठुळी चटईवर होती. भुवयांवर आज पीठ नव्हतं. भट्टीवालीने वळून पाहिलं. तिच्या तोंडावर अशी आशा होती की मावशीचं घोकलेलं सगळं वाहून गेलं. ती खाली बसली आणि गाऊ लागली. नदी नाही, वादळ नाही, थेट ते पद.

पद संपलं. पोर तशीच.

"पुन्हा म्हणा," भट्टीवाली म्हणाली.

मावशीने पुन्हा म्हटलं.

"तिथे नका बसू. मागे तुम्ही खिडकीपाशी बसला होतात." मावशी खिडकीपाशी सरकली. "तो हात धरतो ना, तसा तिचा हात धरा." मावशीने पिठुळीचा हात हातात घेतला. वाळक्या पानासारखा हलका हात. "आणि सूर जरा खाली होता तेव्हा. खालच्या सुरात म्हणा." मावशीने खालच्या सुरात म्हटलं. भट्टीवाली तिच्या हातांकडे बघत होती. एकदम तिचा चेहरा काळवंडला.

"हात धुतलेत तुम्ही."

"हो गं."

"कशाला धुतलेत? तेव्हा निळे होते ते. ओले होते. तसेच यायचं होतं. कशाला धुतलेत, मावशी?" आणि ती नवऱ्याकडे वळली, "जा, हौदातून नीळ घेऊन या वाटीत."

भट्टीवाला खरंच उठला. वाटी शोधू लागला.

तेव्हा मावशीला दिसलं की आपण या बाईला काय देऊन गेलो होतो. तिने भट्टीवाल्याचं मनगट धरलं आणि म्हणाली, "थांबा. बसा खाली. बाई, माझं ऐक. नीळ आणून काही होणार नाही. माझ्या हातात काही नाही, सुरात नाही, या पदातही नाही. मागे ती उठली ती देवाने उठवली. का उठवली, ते मला ठाऊक नाही. मी फक्त तिथे होते."

"मग तुम्ही बरोबर तिथेच का थांबलात?"

"माझे पाय दुखत होते."

"मग मागचं सगळं खोटं?"

"खोटं नव्हतं. अर्धं होतं. पुढचं मी तुला सांगितलंच नाही."

तेवढ्यात पिठुळीने एक मोठा श्वास घेतला, थोडी थांबली, आणि मग घेतलाच नाही. खोलीत तिघं होती आणि तिघांनाही ते लगेच कळलं नाही. कळलं तेव्हा भट्टीवाली किंचाळली नाही. तिने मावशीला दंडाला धरून उठवलं, दारापर्यंत नेलं, बाहेर सोडलं आणि दार लावून घेतलं. मग आतून तिचा आवाज आला, आणि तो मी इथे सांगत नाही. ज्यांनी तसा आवाज ऐकला आहे, त्यांना सांगायची गरज नाही.

मावशी उन्हात उभी राहिली. घरी जावं, असं तिला वाटलं. घरी जाऊन दार लावावं आणि पुन्हा कधी तोंड उघडू नये. दोन पावलं ती गेलीही. मग तिच्या मनात आलं की या घरातली कथा अजून अर्धीच आहे. हिच्या पदरात मी उठलेली पोर टाकून गेले, आणि आज हिची पोर उठत नाही. आता हिला माझा प्रभू फक्त एवढाच माहीत आहे, दुसऱ्यांच्या पोरी उठवणारा. असं सोडून गेले तर ही त्याचं तोंडही बघणार नाही, आणि तिचं चुकलं असं मला म्हणता येणार नाही.

ती परत फिरली आणि भट्टीच्या पायरीवर बसली. दगड तापला होता. ती जिथे थंडीत थांबली होती, तिथून पुढे गाऊ लागली.

घसा कोरडा होता, सूर लागत नव्हता. तरी ती गात राहिली. त्याला सगळं कळून चुकलं होतं आणि तरी तो शहराकडे निघाला, ते म्हटलं. पकडला जायच्या रात्री बागेत तो घाबरला, ते म्हटलं. हे पद एरवी ती घाईने उरकायची, प्रभू घाबरला हे गायला तिला बरं वाटायचं नाही. आज ती तिथेच रेंगाळली. हे नको मला, टाळ हे, असं तो स्वर्गातल्या बापाला विनवतो, आणि बाप काही बोलत नाही, आणि मित्र दमून झोपलेले असतात. मित्रांच्या झोपेशी आल्यावर तिचा आवाज फाटला.

लोक जमू लागले. परटीण पुढे झाली. "मावशी, काय चालवलंय? आत मढं पडलंय आणि तुम्ही पायरीवर गाताय? उठा बघू." तिने हात धरून ओढलंही. मावशी उठली नाही. समोर ताईतवाला दुकानाच्या दारात येऊन उभा राहिला होता. तो परटिणीला म्हणाला, "असू दे गं. काम होऊन गेल्यावर कोणी मंत्र म्हणतं का? हे दुसरंच काहीतरी आहे."

मावशीने क्रूस गायला. खाली उभी असलेली माणसं त्याला कशी डिवचत होती, की एवढी जादू येते तर उतर की खाली, दाखव आम्हाला. आणि तो उतरला नाही. ज्याने परक्याच्या मुलीचा हात धरून तिला उठवलं, त्याने स्वतःचे हात खिळ्यांतून सोडवले नाहीत. आणि खाली त्याची आई उभी होती. दुपारभर उभी होती. तिला कोणी बस म्हणालं नाही.

आतलं रडणं थांबलं होतं. दार उघडलं आणि भट्टीवाला बाहेर आला. डोळे सुजलेले. "मावशी, ती म्हणतेय, उन्हात नका बसू. आत येऊन म्हणा."

मावशी आत गेली. भट्टीवाली लेकीचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. तिने वर पाहिलं नाही. म्हणाली, "त्याची आई घरी गेली का शेवटी?"

"गेली. कोणीतरी तिला हाताला धरून नेलं."

"आणि मग?"

"मग मधला दिवस, तो कबरीत पडून होता तो. त्या दिवसाचं पदच नाही. सासूने शिकवलं नाही, कोणाला येतही नाही. नुसतं म्हणतात, बायका घरी बसून होत्या."

"तेवढंच?"

"तेवढंच."

दोघी बसून राहिल्या. भट्टीवाल्याने भट्टीतला विस्तव ओढून विझवला, तो चरचरल्याचा आवाज आला. बऱ्याच वेळाने मावशीने शेवटचं पद म्हटलं. पहाटे बायका प्रेताला लावायचं सुगंधी तेल घेऊन निघतात, दगड कोण सरकवेल म्हणून काळजी करतात, आणि जाऊन बघतात तर कबर उघडी, आत कोणी नाही. हे पद आनंदाचं. बैठकीत यावर टाळ्या पडतात. मावशीने ते पोर झोपलेल्या घरात म्हणावं इतक्या हळू म्हटलं.

भट्टीवालीने ऐकून घेतलं. "म्हणजे तो उठला."

"उठला."

"आणि ही?"

"आज नाही, बाई. तो म्हणालाय, येईन आणि सगळ्यांना उठवीन. कधी, ते सांगितलं नाही. माझा त्याच्यावर भरवसा आहे, पण तो भरवसा मला तुझ्या हातात काढून देता येत नाही. तू आणि मी मधल्या दिवसात आहोत."

भट्टीवालीला पटलं असं मी म्हणणार नाही. तिने घागरीकडे बोट केलं. मावशी उठली, पाणी घेऊन आली, आणि दोघींनी मिळून पिठुळीला आंघोळ घातली. तिच्या कानामागे, केसांच्या मुळाशी, अजून थोडं पीठ होतं.

दिवेलागणीला मावशी बाहेर आली तेव्हा पायरीवर दीर बसले होते. कोणीतरी त्यांना सांगितलं होतं की तुमच्या वहिनी मढ्यावर मंत्र म्हणतायत. ते तावातावाने आले होते आणि मग तिथेच बसले होते. दोघं चालू लागली. मावशीचा पाय ओढत होता म्हणून दीर हळू चालत होते. गल्ली संपत आली तेव्हा म्हणाले, "पुढच्या बैठकीला तुम्हीच गा, वहिनी. मी सांगतो तेव्हा लोक झोपतात."

"तुम्हाला माहीत आहे?"

"मला सगळ्यांची तोंडं दिसतात हो, समोर बसतो मी."

मावशी त्या दिवसात पहिल्यांदा थोडीशी हसली, आणि मग चालता चालता रडली.

त्यानंतर गल्लीतून तिला कोणी बोलावलं नाही. ताकद गेली मावशीची, असं लोक म्हणू लागले. ताईतवाल्याचं दुकान पुन्हा चालायला लागलं. तो रस्त्यात भेटला की जरा संकोचून मान लववायचा. मावशी हौदात हात घालत राहिली, संध्याकाळी बसून गात राहिली, नदीपासून कबरीपर्यंत, आणि वयाप्रमाणे थकत गेली. भट्टीवाली बैठकीला येऊ लागली. नेहमी उशिरा यायची, पोरीला उठवतात ते पद होऊन गेल्यावर. दाराशी बसायची. सगळ्यांना ठाऊक होतं, कोणी विचारलं नाही. बाप्तिस्मा तिने घेतला तो फार पुढे, आणि त्या दिवशीही चुलीत टाकायला तिच्यापाशी काही नव्हतं. फक्त ती मावशीच्या हातांकडे बघून म्हणाली, "धुऊ नका हं ते कधी," आणि दोघींनाच कळलं की ती थट्टा करतेय.

झाली कथा. आता उठण्याआधी एवढं करा. उठलेल्या मुलीची आठवण जग काढतं, ती गाण्यात आहे, तिची काळजी नको. घरी गेल्यावर डोळे मिटाल तेव्हा त्या दुसरीची आठवण काढा, भुवयांवर पीठ असलेल्या पिठुळीची, जी अजून उठायची आहे.